एकच जहाज, दोन साक्षी

‘ब्रूक्स’ नावाचं एक जहाज होतं. लिव्हरपूलच्या जोसेफ ब्रूक्स या व्यापाऱ्याचं, १७८१ मध्ये बांधलेलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसं भरायची आणि वेस्ट इंडिजमध्ये नेऊन विकायची, हे त्याचं काम. १७८३-८४ च्या खेपेत कप्तान होता क्लेमेंट नोबल, आणि जहाजावर डॉक्टर म्हणून थॉमस ट्रॉटर नावाचा तेविशीतला तरुण होता.

१७९० मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दोघांच्याही साक्षी झाल्या. खाली कोंडलेल्या लोकांना कूस बदलायला जागा असायची का, असं विचारल्यावर ट्रॉटर म्हणाला, नाही. ज्यांच्या पायांत बेड्या नसत त्यांना चमच्यात चमचा बसवावा तसं एकमेकांत अडकवून झोपवलं जाई. हवा इतकी कोंदट, की श्वास घेताना त्यांच्या छात्या मरणाऱ्या जनावरासारख्या वरखाली होत असलेल्या त्याने पाहिल्या होत्या.

नोबलचं म्हणणं वेगळं. आडवं व्हायला त्यांना नेहमीच भरपूर जागा असायची, असं त्याने सांगितलं. आणि वर जोडलं, की याच्या तिप्पट जागा दिली असती तरी हे लोक एकमेकांना चिकटूनच झोपले असते. खोली अर्धी भरायच्या आतच ते तसं करतात.

जहाज एकच. दोघांपैकी खरं कोण बोलत होतं, हे ठरवायला फार डोकं लागत नाही. मला जास्त विचार करायला लावतं ते नोबलचं ते शेवटचं वाक्य. माणसं एकमेकांना चिकटून झोपत हे तो नाकारत नाही, तो फक्त सांगतो की त्यांना जागा नकोच असते. गुलामांचा व्यापार करणारे आणि त्यावर बंदी मागणारे यांच्यात वीस वर्षं जो वाद चालला, तो समजून घ्यायला ही एवढी खिडकी पुरेशी आहे.

सोळा इंच

आधी त्या जहाजातली जागा किती होती ते पाहू. १७८८ मध्ये संसदेने गुलामवाहू जहाजांवर माणसांच्या संख्येची मर्यादा घातली. बंदीवाल्यांनी मग ब्रूक्सचा आराखडा छापला. सरकारनेच नौदलाचा एक कप्तान लिव्हरपूलला पाठवून जहाजांची मापं घेतली होती, त्यामुळे ती खोटी आहेत असं म्हणायची सोय नव्हती. पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद. बाईला पाच फूट दहा इंच, रुंदी तेवढीच. मुलग्याला पाच फूट आणि चौदा इंच. मुलीला साडेचार फूट आणि एक फूट.

मी टेप आणि खडू घेऊन हे माप घरातल्या फरशीवर आखून पाहिलं. दोन बाय दोनच्या फरशीचा दोन तृतीयांश भाग, एवढीच ती रुंदी. उताणा झोपलो तर दोन्ही दंड रेषेबाहेर. कुशीवर झालो तेव्हा कसाबसा मावलो. रेल्वेच्या स्लीपर डब्यातली बर्थ याच्यापुढे ऐसपैस वाटावी. शिवाय जहाजात मध्येच फळ्यांचा माळा ठोकून दोन थर केलेले असत, त्यामुळे डोक्यावर जेमतेम अडीच फूट उंची. म्हणजे जेवणाच्या टेबलाखाली. ते चित्र पुरं करायला मी टेबलाखाली सरकलो, आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. तो प्रवास बहुधा दोन महिन्यांच्या आसपास चालायचा, त्याआधी किनाऱ्यावर जहाज भरेपर्यंतचे आठवडे वेगळे.

आणि या चित्रातली गोम अशी, की ते सुधारणेनंतरचं चित्र होतं. नव्या कायद्यानुसार ब्रूक्सवर ४५४ माणसं नेता येत होती, आणि साधारण तेवढीच चित्रात ओळीने मांडलेली दिसतात. त्याआधीच्या एका खेपेत याच जहाजाने ६०९ नेली होती : ३५१ पुरुष, १२७ बायका, ९० मुलगे, ४१ मुली. ती कशी बसवली असतील, ते चित्रात दाखवलेलंच नाही.

आता याच प्रकारच्या जहाजाचं दुसरं वर्णन. हे रॉबर्ट नॉरिसचं. तोही लिव्हरपूलचा, पूर्वीचा कप्तान, आणि व्यापाऱ्यांनी आपली बाजू मांडायला लंडनला पाठवलेल्या मंडळींपैकी एक. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या लोकांना दिवसातून अनेकदा खायला मिळे, त्यांच्याकडच्या पद्धतीचे उत्तम मसालेदार पदार्थ, आणि बदल म्हणून युरोपियन पद्धतीची डाळ-उसळ. न्याहारीनंतर अंग धुवायला पाणी. खोल्यांत धूप आणि लिंबाचा रस शिंपडून सुगंध केलेला. जेवणाआधी त्यांच्या रीतीप्रमाणे नाच-गाणी, बायका-मुलींना दागिने ओवायला मणी. हां, एकाचा उजवा घोटा दुसऱ्याच्या डाव्या घोट्याला लहानशा लोखंडी कडीने जोडलेला असे, हेही तो जाता जाता सांगतो. बरोबर आलेला जेम्स पेनी तर म्हणाला, की उकाड्यात कुणाच्या अंगावर घामाचा थेंब दिसला तर फडक्याने पुसून काढायला दोन माणसं उभी असतात.

लग्नाच्या हॉलची जाहिरात वाचतोय असं वाटतं. १२ मे १७८९ ला बंदीवाल्यांचा खासदार विल्यम विल्बरफोर्स संसदेत साडेतीन तास बोलला, तेव्हा त्याने नॉरिसचं हेच वर्णन हाती घेऊन एकेक गोष्ट उलगडली. नाच म्हणजे काय? बेड्यांसकट डेकवर आणून, चाबूक दाखवून उड्या मारायला लावणं, हातपाय आखडून माल खराब होऊ नये म्हणून. गाणी कसली? घर सुटल्याच्या विलापाची. नॉरिसने तपशील फारसा खोटा सांगितला नव्हता, आणि हीच त्याची हुशारी.

गंमत (तिला गंमत म्हणावं का, कोण जाणे) अशी, की दोन वर्षांपूर्वी हाच नॉरिस बंदीवाल्यांच्या थॉमस क्लार्कसनला लिव्हरपुलात भेटला होता आणि त्याने या धंद्याविरुद्ध बरीच माहिती स्वतःहून पुरवली होती. नंतर तोच समोरच्या बाकावर दिसल्यावर क्लार्कसनला जो धक्का बसला, तो त्याने पुढे लिहून ठेवला आहे.

धंदा होता, आणि प्रतिष्ठित होता

थोडी पार्श्वभूमी सांगून टाकतो. इंग्लंडमधून कापड, बंदुका, दारू, लोखंडी कांबी भरून जहाज आफ्रिकेला जाई. तिथे या मालाच्या बदल्यात माणसं घेतली जात. ती वेस्ट इंडिजच्या मळ्यांवर विकून साखर, रम, कापूस घेऊन जहाज घरी येई. या अदलाबदलीत आपल्याकडच्या मालाचाही हात होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी सुती कापडाला मोठी मागणी होती, आणि चलन म्हणून चालत होत्या त्या मालदीवच्या कवड्या. अटलांटिकवरच्या या व्यापारात चार शतकांत साधारण सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली. पलीकडे जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधले अठरा लाख समुद्रात. ब्रिटिश जहाजांचा वाटा तीस लाखांहून अधिक.

हा धंदा करणारे लोक चोरून मारून काही करत नव्हते. कायदा त्यांच्या बाजूने होता. लिव्हरपूलचे किती तरी महापौर यातच गुंतलेले. पेनीने साक्षी दिल्या म्हणून गावाने त्याला चांदीचं शोभेचं पात्र भेट दिलं. जहाजबांधणीवाले, दोरखंडवाले, विमावाले, बँकवाले, साखर शुद्ध करणारे, सगळ्यांची घरं यावर चालत होती. ‘हे बंद करा’ असं कुणी म्हटलं की तो माणूस वेडा तरी वाटे, नाहीतर फ्रान्सचा हस्तक.

आणि असे वेडे सुरुवातीला होते बारा. २२ मे १७८७ ला लंडनच्या जॉर्ज यार्डातल्या एका छापखान्यात ते जमले आणि त्यांनी समिती स्थापन केली. बारांपैकी नऊ जण क्वेकर, म्हणजे त्या काळी विद्यापीठ आणि संसदेची दारं ज्यांना बंद होती अशा पंथाचे. त्यांनी पहिल्याच टप्प्यात एक निर्णय घेतला, तो नीट लक्षात घ्यायला हवा, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. गुलामांचा *व्यापार* आणि गुलामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी. त्यांनी मागणी केली ती फक्त व्यापार थांबवण्याची. मळ्यांवर जे आधीच गुलाम होते त्यांच्या सुटकेची नाही. हिशेब असा, की नवा पुरवठा तुटला तर मळेवाला असलेल्या माणसांना जपेल आणि प्रथा आपोआप सैल होईल. मालकीला हात लावला तर संसदेतला प्रत्येक जमीनदार बिथरेल, ही भीती. हा हिशेब चुकला. व्यापार १८०७ ला थांबला, गुलामगिरी त्यानंतरही पाव शतक चालली.

व्यापारी नेमकं काय म्हणत होते

आपण कल्पना करतो की एका बाजूला राक्षस ‘गुलामगिरी चांगली आहे’ असं ओरडत असतील. जुनी कागदपत्रं वाचताना तसे लोक कमीच भेटतात. बहुतेक व्यापारी मूळ प्रश्नाच्या आजूबाजूला बोलतात.

आम्ही सोडलं तर फ्रेंच घेतील, हा त्यांचा हुकमी एक्का. गुलामांचं काही भलं होणार नाही, उलट आमच्यासारखा दयाळू वाहतूकदार जाऊन त्यांना वाईट वाहतूकदार मिळेल, नुकसान फक्त इंग्लंडचं.

मग आफ्रिकेचा मुद्दा. ही माणसं तिथेच युद्धकैदी किंवा गुन्हेगार असतात, आम्ही घेतली नाहीत तर राजे त्यांना कापतात. नॉरिसने पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या राजाचं असंच रक्तबंबाळ वर्णन लिहिलं. आफ्रिकी राजे आणि व्यापारी या धंद्यात सामील होते, हे खरंच आहे. बंदीवाल्यांनी ते नाकारलं नाही. त्यांनी उलटा प्रश्न विचारला : युद्धं होतात म्हणून कैदी मिळतात, की कैद्यांना गिऱ्हाईक आहे म्हणून युद्धं होतात? बंदुका कुठून येतात? ट्रॉटरने ब्रूक्सवरच्या एका माणसाची हकीकत सांगितली. सरदाराशी भांडण झालं, म्हणून चेटूक केल्याचा आळ घेऊन त्याला सगळ्या कुटुंबासकट विकलं होतं. त्याने अन्न सोडलं. एका रात्री स्वतःचा गळा चिरून घेतला. ट्रॉटरने टाके घातले, ते त्याने उसवले आणि दुसरी बाजू चिरली. शोधाशोध केली, हत्यार सापडेना. नखांनी केलं होतं. गोऱ्यांबरोबर कधीही जाणार नाही, एवढंच तो म्हणत राहिला आणि आठ-दहा दिवसांत उपासाने मेला. तो युद्धकैदी होता की गुन्हेगार?

धर्माचा आधारही शोधला गेला. रेमंड हॅरिस नावाच्या, मूळच्या स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट म्हणजे कॅथलिकांमधल्या एका संघाचा पाद्री) बायबलमधून गुलामांच्या व्यापाराला मान्यता काढून दाखवणारी पुस्तिका १७८८ मध्ये लिहिली, आणि लिव्हरपूलच्या नगरपालिकेने त्याला शंभर पौंड बक्षीस दिलं. त्याच बायबलवर क्वेकरांचा आणि विल्बरफोर्सचा सगळा विरोध उभा होता. पोथी एकच असली की काय काय निघू शकतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मला सर्वांत बोलका वाटतो तो एका मळेवाल्यांच्या समर्थकाने सुचवलेला उपाय. गुलाम हा शब्दच काढून टाका, यांना ‘सहायक मळेवाले’ म्हणा. मग बघा, धर्मगुरू आणि हळव्या कवयित्री ओरडायच्या थांबतात की नाही. हा मनुष्य काळाच्या पुढे होता.

लोखंड, हजेरीपट आणि साखर

बंदीवाल्यांमध्ये नाव विल्बरफोर्सचं झालं. तो खासदार होता, वक्ता होता, संत वाटावा असा होता. माझं मत विचाराल तर खरं काम क्लार्कसनचं. केंब्रिजमध्ये १७८५ ला लॅटिन निबंधस्पर्धेसाठी विषय आला : कुणाला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का? पोराने बक्षिसासाठी वाचायला घेतलं आणि त्याची झोप उडाली. बक्षीस मिळालं. लंडनला परतताना वाटेत वेड्समिल गावाजवळ घोड्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला. निबंधातलं जर खरं असेल, तर कुणीतरी हे थांबवायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पुढे त्यातच त्याचं आयुष्य गेलं.

त्याची पद्धत एखाद्या चिकट तपास अधिकाऱ्यासारखी. लिव्हरपूलच्या एका दुकानाच्या काचेत उघड मांडलेल्या हातकड्या, पायबेड्या, अंगठा चिरडायचा स्क्रू त्याने विकत घेतले. आणखी एक अवजार दिसलं, कर्कटकासारखं, स्क्रू फिरवला की टोकं फाकणारं. हे कशाला? दुकानदार शांतपणे म्हणाला, गुलाम रुसून तोंड घट्ट मिटून घेतात, खात नाहीत, मग जबडा उघडायला लागतं. क्लार्कसनने तेही घेतलं आणि पुढे जाईल तिथे टेबलावर मांडलं. याच गावातल्या धक्क्यावर काही जणांनी त्याला पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला होता.

व्यापारी म्हणत, हा धंदा म्हणजे आमच्या नौदलाला खलाशी पुरवणारी शाळा. क्लार्कसनने जहाजांचे हजेरीपट उघडले. वीस हजारांवर खलाशांची नावं उतरून काढली, कोण परतला, कोण मेला, कोण पळाला. निघालं असं, की शाळा कसली, ते खलाशांचं स्मशान होतं. इथे त्याची चाल बघा. आफ्रिकी माणसाच्या मरणाने ज्याला काही वाटत नाही, त्याला इंग्रज पोराच्या मरणाचा आकडा दाखवायचा. ही चाल उच्च नैतिक नाही. पण लागू पडली.

व्यापाऱ्यांच्या हिशेबात माणूस कुठे बसत होता, याचं उत्तर कोर्टातच मिळालं होतं. १७८१ मध्ये ‘झाँग’ जहाजावरून सुमारे १३२ जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली. पाणी संपत आलंय हे कारण दाखवलं. मालकांनी विमा कंपनीकडे दावा लावला, माणशी तीस पौंड. १७८३ चा तो खटला खुनाचा नव्हताच, विम्याचा होता. कायद्याच्या दृष्टीने हे घोडे समुद्रात फेकण्यासारखंच आहे, असं मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने म्हटलं. ही बातमी गुलामगिरीविरोधी लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पकडे घेऊन गेला तो ओलौदा इक्वियानो, जो स्वतः गुलाम होता आणि ज्याने १७६६ मध्ये चाळीस पौंड साठवून स्वतःला विकत घेतलं होतं. स्वतःला विकत घेणं! मराठीत हे वाक्य लिहिताना हात अडतो. त्याचं आत्मचरित्र १७८९ मध्ये आलं, त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. पण इक्वियानोलाही साच्यात बसवता येत नाही. सुटका झाल्यावर दहा वर्षांनी, एका डॉक्टरच्या मळ्यासाठी जमैकात गुलाम निवडायला तोच गेला होता.

जॉन न्यूटनही तसाच. गुलामवाहू जहाजांचा कप्तान, १७४८ मध्ये वादळातून वाचल्यावर ईश्वराकडे वळलेला, आणि त्यानंतरही काही वर्षं हाच धंदा करत राहिलेला. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे. डेकवर प्रार्थना म्हणायचा आणि फळीखाली माणसं कोंडलेली, यात त्याला विसंगती दिसली नाही. तो पाद्री झाला आणि थेट १७८८ मध्ये, तीसेक वर्षांनी, त्याने या धंद्याविरुद्ध लिहिलं. ज्या व्यवहाराचं आपण हत्यार होतो तो आठवून आता काळीज थरथरतं, असं कबूल केलं. दोन बाजूंचे लोक दोन जातीचे नव्हते, हे न्यूटनकडे पाहून कळतं.

संसदेत मात्र हार. १७९१ मध्ये ठराव १६३ विरुद्ध ८८ ने पडला. मग लोकांनी साखरच सोडली. चहात साखर घालणं म्हणजे रक्त घालणं, अशा पत्रकांनी देश ढवळला, आणि क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख लोकांनी वेस्ट इंडिजची साखर बंद केली. यात बायका पुढे होत्या, कारण मत नसलं तरी स्वयंपाकघर त्यांच्या हातात होतं. शेफील्डच्या ७६९ कारागिरांनी संसदेला कळवलं, की आमच्या सुऱ्या-कात्र्या आफ्रिकेत खपतात, तरी धंदा बंद करा. पुढे दुकानांत साखरेच्या भांड्यांवर लिहिलेलं दिसू लागलं : ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’. आपल्याकडची साखर! ती पिकवणाऱ्याचं इथे काय चाललं होतं, ते लंडनच्या चहाच्या टेबलावर कुणी विचारलं नसावं.

‘हळूहळू’

१७९२ मध्ये ५१९ अर्ज संसदेत पोचले. आता थेट विरोध अवघड झाला. तेव्हा गृहमंत्री हेन्री डंडास उठला आणि त्याने ठरावात एकच शब्द घालायला सुचवला : हळूहळू. तत्त्व मान्य आहे, फक्त हळूहळू. ठराव २३० विरुद्ध ८५ ने पास झाला, टाळ्या पडल्या आणि व्यापार पुढची पंधरा वर्षं सुरूच राहिला. थेट ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं या एका क्रियाविशेषणाने केलं, असं माझं मत आहे.

शेवटी कोंडी फुटली तीही आडवाटेने. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. जेम्स स्टीफन नावाच्या वकिलाने डोकं लढवलं : ब्रिटिश जहाजांनी शत्रूच्या आणि परक्या वसाहतींना गुलाम पुरवू नयेत, एवढाच कायदा मागा. देशभक्तीचं विधेयक, कोण विरोध करणार? १८०६ मध्ये ते गुपचूप पास झालं आणि व्यापाराचा मोठा भाग कापला गेला. ‘फ्रेंच घेतील’ हाच व्यापाऱ्यांचा एक्का त्यांच्यावर उलटवला. पुढच्या वर्षी संपूर्ण बंदी २८३ विरुद्ध १६ ने मंजूर झाली.

गुलामगिरी संपवणारा कायदा आला १८३३ मध्ये. त्याआधी हैतीतल्या गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं होतं, आणि १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या तिथल्याच गुलामाच्या पुढाकाराने जमैका पेटलं होतं. पाठ्यपुस्तकात यांना ओळभर जागा आणि विल्बरफोर्सला पान, हे मला पटत नाही. एलिझाबेथ हेरिक या बाईनेही १८२४ मध्येच ठणकावलं होतं : ताबडतोब, हळूहळू नको. विल्बरफोर्सला बायकांनी असं सभा-संस्था काढणं रुचत नव्हतं, तो भाग वेगळा.

पण कायद्यातली कलमं वाचली की प्रश्न पडतो, जिंकलं कोण? सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. मालकांना. वर्षाच्या सरकारी खर्चाच्या चाळीस टक्क्यांएवढी रक्कम, त्यासाठी कर्ज काढलं, त्याचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. आठ लाखांच्या आसपास गुलामांना एक दमडी नाही. उलट सहा वर्षांवरच्या सगळ्यांना ‘उमेदवार’, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून त्याच मालकाकडे फुकट राबायला लावलं, ते १८३८ पर्यंत. माणूस म्हणजे मालमत्ता, हे व्यापाऱ्यांचं मूळ गृहीतक बंदीच्या कायद्यानेच रोख रकमेत मान्य केलं.

आणि हा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. म्हणजे आपल्याला. आपल्याकडे काही नव्हतं म्हणून वगळलं, असं समजू नका. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. कंपनीच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा आला १८४३ मध्ये. त्यानंतर तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ नाव दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं, आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील या आशेने. बंदीवाल्यांचा युक्तिवाद इतक्या लांब आला, तो असा.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद त्याच्या कितीतरी आधी येऊन पोचला होता. गुलाम सुटणार म्हटल्यावर मळ्यांना हात हवे होते. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘ॲटलास’ जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर मॉरिशसला उतरले. ‘ॲग्रीमेंट’चं झालं गिरमिट, आणि १९२० पर्यंत जवळपास पाच लाख लोक त्या बेटावर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी कुटुंबं होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. करार होता, मुदत होती, पगार होता. पण मजूर मागणारे तेच होते.

जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा बडा व्यापारी आणि गयानातला मळेवाला, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. २,५०८ गुलामांपोटी त्याला एक लाख सहा हजार पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. १८३६ मध्ये त्याने कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र टाकून हिंदुस्थानी मजुरांची चौकशी केली. उत्तर आलं. डोंगराळ भागातल्या या लोकांना ना धर्म ना शिक्षण, ते माणसापेक्षा माकडाच्या जवळचे समजले जातात, आणि खाणं, पिणं, झोपणं यापलीकडे त्यांना काही लागत नाही. १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं त्यांना घेऊन गयानाकडे निघाली.